बिऱ्हाड ओंटारिओतून अल्बर्टाला: पीआरनंतर प्रांत बदलण्याची तयारी

सगळ्यात आधी तारीख ठरवा. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातून अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीला बिऱ्हाड हलवायचं ठरलं की लोक पहिल्यांदा मूव्हर्सचे भाव काढत बसतात. पण भाडेकरार, आरोग्यविमा, गाडी, कर या सगळ्यांचं गणित एकाच दिवसापासून सुरू होतं: तुम्ही अल्बर्टात राहायला पोचलात तो दिवस. प्रत्येक फॉर्मवर हीच तारीख लिहायची, कुठे २८ आणि कुठे ३० असं होऊ द्यायचं नाही. दुसरी गोष्ट, नवं सुरू झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय जुनं काहीच बंद करायचं नाही.

हक्काचं म्हणाल तर पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा दर्जा, असलेल्या माणसाला कुठल्याही प्रांतात राहण्याची आणि कामधंदा करण्याची मुभा १९८२च्या चार्टरच्या, म्हणजे कॅनडाच्या हक्कांच्या सनदेच्या, सहाव्या कलमानेच दिली आहे. फेडरल एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या निवड योजनेतून, आलेल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. प्रांताच्या नामांकनावर, म्हणजे पीएनपीवर आलेल्यांनी मात्र विचार करून पाऊल टाकावं. अर्ज करताना आणि लँडिंगच्या, म्हणजे पीआर हातात पडण्याच्या, वेळी त्या प्रांतात राहण्याचा तुमचा इरादा खरा असायला हवा. उतरल्या-उतरल्या दुसरीकडे निघून गेलात, तर इरादा खोटा होता असा संशय घेतला जाऊ शकतो, आणि खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पीआरच धोक्यात येतो. म्हणून तिथे खरोखर घर केलं, नोकरी केली किंवा शोधली याचे कागद जपून ठेवा: भाडेकरार, पगारपत्रकं, नोकरीच्या अर्जांना आलेली उत्तरं. नागरिकत्वाच्या अर्जातही मागच्या पाच वर्षांचे पत्ते तारखांसकट भरावे लागतात, तेव्हा जुन्या घराची सोडल्याची तारीख आजच वहीत टिपून ठेवा.

आता घर. ओंटारिओत भाडेकरूने घर सोडण्याची नोटीस एन९ फॉर्मवर, किमान ६० दिवस आधी द्यायची असते, आणि शेवटचा दिवस भाड्याच्या महिन्याचा शेवटचा दिवसच असावा लागतो. ३१ ऑगस्टला निघायचं असेल तर जूनअखेर नोटीस मालकाच्या हातात पडू द्या. जुलैचे पहिले दोन दिवस उलटले की सप्टेंबरचं भाडंही बोकांडी बसतं. वर्षाचा करार मध्येच मोडायचा असेल तर एन९ चालत नाही. मालक राजी असेल तर दोघांच्या सह्यांचा एन११, म्हणजे राजीखुशीने करार संपवण्याचा फॉर्म, करा, नाहीतर करार दुसऱ्या भाडेकरूच्या नावे करण्याची परवानगी लेखी मागा. तोंडी 'हो हो, चालेल' यावर विसंबू नका.

आरोग्यविम्यात तारखेचा खेळ सगळ्यात जास्त दिसतो. अल्बर्टाचं कव्हर तुम्ही पोचल्याच्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतं, तोवर ओहिप, म्हणजे ओंटारिओचा सरकारी आरोग्यविमा, चालू राहतं. ३१ ऑगस्टला पोचलात तर १ नोव्हेंबर, १ सप्टेंबरला पोचलात तर थेट १ डिसेंबर. त्यामुळे ओहिपचं कार्ड फेकू नका आणि नव्या प्रांताचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करून टाका; तीन महिन्यांनंतर जाग आली तर मधला काळ उघडा पडू शकतो. या काळात ओहिपवर डॉक्टर आणि हॉस्पिटल मिळतं, पण अँब्युलन्स आणि बाहेर घेतलेली औषधं साधारणपणे मिळत नाहीत. घरात मधुमेहाचं, रक्तदाबाचं किंवा थायरॉइडचं कुणी असेल तर निघण्यापूर्वी ९० दिवसांचं प्रिस्क्रिप्शन भरून घ्या. कॅल्गरीत फॅमिली डॉक्टर लगेच मिळेलच असं नाही, म्हणून जुन्या डॉक्टरकडून फाईलची प्रत आणि मुलांच्या लसींची नोंद मागून ठेवा.

गाडीवर जरा वेळ घालवावा लागतो. अल्बर्टात लायसन्स आणि गाडीची नोंदणी बदलायला ९० दिवस मिळतात. ओंटारिओच्या पूर्ण जी लायसन्सच्या बदल्यात अल्बर्टाचा क्लास ५ मिळतो, मधल्या टप्प्यावरच्या जी२ वाल्यांना क्लास ५ जीडीएल, म्हणजे नवख्या चालकाचं लायसन्स. नोंदणीच्या आधी बाहेरच्या प्रांतातल्या गाडीची तपासणी लायसन्सधारक गॅरेजमध्ये करून घ्यावी लागते, आणि ते प्रमाणपत्र १४ दिवसच चालतं. म्हणून आधी अल्बर्टाचा विमा पक्का करा, मग तपासणी, मग लगेच रजिस्ट्री, म्हणजे नोंदणीचं कार्यालय. क्रम चुकला की तपासणीचे पैसे दुसऱ्यांदा जातात. ओंटारिओच्या गाड्या मिठाने खाल्लेल्या असतात. ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शन आणि खालचा गंज यांवर तपासणीत बोट ठेवलं जातं. पुढच्या दारांच्या काचांना काळी फिल्म असेल तर ती काढून जा. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे निघण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घेतली, तर तिथे अचानक मोठं बिल येत नाही. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर प्रांताबाहेर न्यायला कंपनीची लेखी संमती लागू शकते. जुन्या विमा कंपनीकडून किती वर्षं विनाअपघात गाडी चालवली याचं पत्र मागून घ्या. ते नसेल तर नव्या कंपनीच्या लेखी तुम्ही नवखे चालक, आणि हप्ता त्या हिशोबाने.

गाडीनेच जाणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. फोनवरचा नकाशा टोरांटो ते कॅल्गरी रस्ता बहुतेक वेळा मिशिगन, शिकागो, नॉर्थ डकोटावरून दाखवतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा पीआर असला तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. म्हणून रस्ता सू सेंट मेरी, थंडर बे, विनिपेग, रेजायना असा हाताने भरा. साधारण ३,४०० किलोमीटर होतात, आणि त्यातले पहिले दोन-अडीच दिवस ओंटारिओ संपतच नाही. सू सेंट मेरी ते थंडर बे या टप्प्यात पेट्रोल पंप लांब-लांब आहेत, फोनची रेंज मध्ये-मध्ये जाते. टाकी अर्धी झाली की भरा. पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर मूस नावाची अजस्र हरणं येतात, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. पाच दिवस, चार रात्री हा सुटसुटीत हिशोब.

मूव्हर्सकडून अंदाज लेखीच घ्या, आणि भाव वजनावर आहे की घनफुटावर हे विचारून घ्या. वजनावर असेल तर ट्रकच्या काट्याची पावती मागा. ओंटारिओच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार करारात अंदाज दिलेला असेल तर अंतिम बिल त्याच्या १० टक्क्यांपेक्षा वर नेता येत नाही. हे वाक्य सामान भरण्याआधीच त्यांना ऐकवलेलं बरं. दारात ट्रक उभा असताना माणूस सामानाची यादी करतो आणि प्रत्येक वस्तूपुढे छोट्या अक्षरांत खुणा करत जातो: ओरखडा, कोपरा तुटका, डाग. धड वस्तूपुढे तसं लिहिलं तर पोचल्यावर भांडायला तोंड राहत नाही. ते वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मग सही करा. नेहमीच्या करारात नुकसानभरपाई प्रत्येक वस्तूच्या वजनावर, पाउंडाला ६० सेंट अशी असते. २० पाउंडाचा टीव्ही फुटला तर हातात १२ डॉलर. महागाचं सामान असेल तर पूर्ण किमतीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन घ्या.

ट्रक पोचायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, म्हणून तेवढे दिवस निभेल इतकं सामान स्वतःजवळ ठेवा: कुकर, एक कढई, तवा, चार ताटं, मसाल्याचा डबा, गोडा मसाला, अंथरुण-पांघरुण आणि देव. कॅल्गरीची हवा फार कोरडी. लाकडी पोळपाट-लाटण्याला तेलाचा हात लावून गुंडाळा, नाहीतर हिवाळ्यात तडा जातो. कागदांची फाईल ट्रकमध्ये कधीही टाकू नका. लँडिंगचा कागद, पीआर कार्ड, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, डिग्र्या आणि त्यांचं मूल्यांकन, मुलांचे शाळेचे रिपोर्ट, गाडीची मूळ ओनरशिप, हे सगळं हातातल्या बॅगेत.

करात एक सोय अनेकांना माहीत नसते. भारतातून येताना झालेला खर्च वजा करता आला नव्हता, पण प्रांत बदलण्याचा करता येतो. अट अशी की नवं घर नव्या कामाच्या जागेला जुन्या घरापेक्षा किमान ४० किलोमीटरने जवळ असावं. टी१-एम फॉर्मवर मूव्हर्स, प्रवास, १५ दिवसांपर्यंतचा तात्पुरता मुक्काम दाखवता येतो. जेवणासाठी पावत्या न जपता माणशी एका जेवणाचे २३ डॉलर, दिवसाला जास्तीत जास्त ६९ धरता येतात. घर बघायला आधी मारलेली फेरी आणि टपाल वळवण्याचा खर्च यात बसत नाही. वजावट फक्त नव्या ठिकाणच्या कमाईतून मिळते, उरलेली पुढच्या वर्षी नेता येते. प्रांताचा कर मात्र ३१ डिसेंबरला तुम्ही कुठे राहता त्यावर, अख्ख्या वर्षाचा. नव्या नोकरीत पगारातून कर कापण्यासाठीचा अल्बर्टाचा टीडी१ फॉर्म भरा. सीआरए, म्हणजे कर खातं, आणि इमिग्रेशन खातं या दोघांना पत्ता वेगवेगळा कळवावा लागतो. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळत नाही. कॅनडा पोस्टचं टपाल वळवणं ४ किंवा १२ महिन्यांसाठी मिळतं, १२च घ्या.

नर्स, शिक्षक, इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन अशा परवान्याच्या कामांत असाल तर नव्या प्रांताची नोंदणी निघण्याच्या तीन-चार महिने आधी सुरू करा. मूल बारावीत असेल तर शक्य असल्यास वर्ष संपेपर्यंत थांबा: अल्बर्टात बारावीला प्रांताची डिप्लोमा परीक्षा असते, तिचे ३० टक्के गुण अंतिम निकालात धरतात, आणि मध्येच आलेल्या मुलाला तो अभ्यासक्रम अर्ध्यातून गाठावा लागतो.

कॅल्गरीत घर न बघता ई-ट्रान्सफरने डिपॉझिट पाठवू नका. ओळखीच्या कुणाला तरी आत जाऊन, नळ सोडून, व्हिडिओवर दाखवायला सांगा. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. किल्ली मिळाली की खोकी आत आणण्याआधी मालकासोबत खोली-खोली फिरून तपासणी अहवाल भरा. गालिच्यावरचा डाग, कपाटाचं सैल बिजागर, खिडकीची जाळी, सगळं लिहा, फोटो काढा आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी मागून घ्या.