शॅडो बॉक्सिंग: ठोसा टाचेतून निघतो

शॅडो बॉक्सिंग म्हणजे समोर कोणी नसताना हवेतच ठोसे मारायचा, दम वाढवणारा (कार्डिओ) व्यायाम. आधी उभं राहणं: डावा पाय पुढे, उजवा मागे, मध्ये खांद्यांएवढं अंतर. गुडघे सैल, मागची टाच किंचित उचललेली, मुठी गालांजवळ, कोपरं बरगड्यांशी. डावखुरे असाल तर सगळं उलट. झालं उभं राहून.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा: सरळ मारा, गेला तसाच गालाशी परत आणा.

खरी गोम आहे क्रॉसमध्ये, म्हणजे मागच्या हाताच्या ठोशात. नवशिका तो नुसत्या खांद्याने मारतो, दोन मिनिटांत हात भरून येतात आणि मग "हा काय कार्डिओ?" म्हणून सोडून देतो. क्रम असा ठेवा: मागचा चवडा जमिनीत दाबायचा, टाच बाहेर वळवायची, तिच्यामागे कंबर, मग खांदा, मूठ सगळ्यात शेवटी. कोपर पुरतं ताणू नका. हवेत ठोसा अडवायला बॅग नसते, झटका सांध्यालाच बसतो. आणि डावी मूठ गालावरच राहू दे. ती हमखास खाली घसरते.

रत्नागिरीकरांना यात एक सोय आहे. ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूत दहा क्रॉस मारा आणि मागच्या पायाचा ठसा बघा. चवड्याखालची वाळू पिळवटलेली दिसली तर ठोसा बरोबर. पाऊल जसंच्या तसं उमटलं असेल तर फक्त हातच हलले. कोरड्या वाळूत मात्र हे करू नका. पाय रुततो, वळत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो. पावसाळ्यात जांभ्याच्या अंगणात शेवाळ धरतं, तेव्हा आपली पडवी बरी.

हातात डंबेल किंवा पाण्याच्या बाटल्या घेऊन ठोसे मारा, असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. ठोसा जातो पुढे, वजन ओढतं खाली. ताकद वाढायची राहते बाजूला, खांदा मात्र दुखावतो.

मग जॅब-जॅब-क्रॉस, दोन पावलं सरकणं, पुन्हा तेच. सरकताना पायांची कात्री करू नका. प्रत्येक ठोशाला नाकातून छोटा उच्छ्वास. बॉक्सिंगची फेरी ३ मिनिटांची, मध्ये १ मिनिट विश्रांती. सुरुवातीला १ मिनिटाचीच फेरी पुरे.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हं वर यायच्या आत उरका, आणि गरगरलं तर फेरी अर्धवट टाकून सावलीत बसा.