इंग्वायनल कॅनाल एआरमधून शिकवताना

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात मुलं हमखास अडतात ती इंग्वायनल कॅनालपाशी, म्हणजे जांघेजवळ पोटाच्या भिंतीतून जाणाऱ्या मार्गापाशी. मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पण तिरका. पुस्तकातल्या सपाट चित्रात त्याच्या चारही भिंती एकाच कागदावर येतात आणि पुढे काय, मागे काय ते कळेनासं होतं. ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे एआर, फोनच्या कॅमेऱ्यातल्या दृश्यावर त्रिमितीय मॉडेल उभं करते; वापरायची ती अशा जागी. फीमरसाठी, म्हणजे मांडीच्या हाडासाठी, ती नको, हाड हातात द्यावं.

मॉडेल सुरुवातीपासून बनवायची गरज नाही. झेड-अॅनाटॉमी हे मुक्त परवान्याचं शरीररचनेचं मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पेल्व्हिस (कटिराची हाडं), पोटाच्या भिंतीचे स्नायू, इंग्वायनल लिगामेंट (जांघेतला अस्थिबंध) आणि रक्तवाहिन्या तेवढ्या ठेवा. ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशियाचा पातळ पडदा आणि त्यातली डीप रिंग, म्हणजे कॅनालचं आतलं तोंड, बहुधा स्वतःच करावी लागते. मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते त्रिकोण एकूण १ लाखाच्या आत ठेवून जीएलबी (त्रिमितीय मॉडेलची) फाइल काढा; त्यापुढे साधे फोन अडखळतात. जीएलबीचं एकक मीटर असतं. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल आणि ०.००१ ने लहान करायचं राहिलं, तर पेल्व्हिस इमारतीएवढा उभा राहतो.

मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखून त्यावर मॉडेल उभं करायचं ते छापील चित्र, १५ सेंटिमीटर रुंद घ्या, नक्षी असमान हवी. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा आणि छापलेली रुंदी पट्टीने मोजून अॅपमध्ये तीच भरा. यात फरक पडला की कॅनालची लांबीही चुकते. अलिबागपासून सिंधुदुर्गापर्यंत पावसाळी हवेत सुटा कागद दुपारपर्यंत वळतो, कडा उचलल्या की मॉडेल थरथरू लागतं. म्हणून तो सनबोर्डवर (कडक फोमच्या पुठ्ठ्यावर) पूर्ण चिकटवा, आणि एरवी सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. मार्कर न वापरता मॉडेल थेट टेबलावर ठेवायचं असेल, तर गुळगुळीत स्टीलवर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही. खाली वर्तमानपत्र पसरलं की काम होतं.

हे सगळं डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये करा, डिसेक्शन हॉलमध्ये नाही. देहदान करणाऱ्याचा देह कुणाच्या फोनच्या कॅमेऱ्यात येता कामा नये, याला अपवाद नाही. शिवाय फॉर्मॅलिनचे हातमोजे घालून स्क्रीन चालवायची वेळही येत नाही. अॅप आणि फाइल आदल्या दिवशी वाय-फायवर उतरवून ठेवा. ऐन तासाला नेटवर्क किंवा वीज गेली तरी शिकवणं थांबत नाही.

मार्कर मॅनिकिनच्या (माणसाच्या पुतळ्याच्या) पोटावर ठरलेल्या जागी लावा, पण फोन लगेच हातात देऊ नका. आधी विद्यार्थ्याने अँटीरियर सुपीरियर इलिअॅक स्पाइन (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) आणि प्युबिक ट्यूबरकल (जघनास्थीवरचा उंचवटा) चाचपून, दोन्हींच्या बरोबर मध्यापासून १.२५ सेंटिमीटर वर डीप रिंगची खूण करावी. बरेच जण ट्यूबरकलऐवजी सिंफायसिसपर्यंत, म्हणजे मध्यरेषेतल्या जघनास्थींच्या सांध्यापर्यंत, मोजतात. ती खूण फेमोरल आर्टरीची (मांडीच्या धमनीची) होते. आता मॉडेल सुरू केलं की चूक त्याची त्यालाच दिसते. ही खूण न करता नुसतं मॉडेल पाहिलं, तर मुलं खूश होतात आणि आठवड्याने विसरतात.

थर मागून पुढे लावा, कारण डिसेक्शनमध्ये आपण पुढून मागे जातो आणि उलटा प्रवास हातून कधी होत नाही. आधी ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया, त्यात डीप रिंग, तिच्या आतल्या (मध्यरेषेकडच्या) बाजूला इन्फीरियर एपिगॅस्ट्रिक आर्टरी. मग ट्रान्सव्हर्सस आणि इंटर्नल ऑब्लिक या पोटाच्या स्नायूंची कमान. तिच्यातूनच कॉन्जॉइंट टेंडन होतो. मग कमानीखालून पुढे येणारी स्पर्मॅटिक कॉर्ड (वृषणाकडे जाणारी दोरी), शेवटी एक्स्टर्नल ऑब्लिक आणि सुपरफिशियल रिंग, म्हणजे कॅनालचं बाहेरचं तोंड. इथे थांबून बाजूने पाहायला लावा: डीप रिंगच्या पुढे इंटर्नल ऑब्लिक आहे, सुपरफिशियल रिंगच्या मागे कॉन्जॉइंट टेंडन. मग विचारा, जाळं ओढून आलेला खलाशी खोकला की हा मार्ग मिटतो कसा? आणि फुगवटा आर्टरीच्या बाहेरच्या बाजूने आला तर हर्निया कुठला?

एका फोनमागे चार विद्यार्थी, दहा मिनिटं पुरे. कॅमेरा सतत चालू राहिला की फोन तापतो, चित्र तुटक होतं. मागचं कव्हर काढून ठेवा. एसी खोलीतून दमट व्हरांड्यात नेलेल्या फोनच्या लेन्सवर दव धरतं, ते पुसल्याशिवाय मार्कर सापडत नाही.

शेवटी फोन बंद करून प्रत्येकाकडून डीप रिंगच्या पातळीवरचा सॅजिटल (पुढून मागे जाणारा उभा) छेद कोऱ्या कागदावर काढून घ्या. ज्याच्या छेदात कॉर्डच्या पुढे इंटर्नल ऑब्लिक नाही, त्याला पुन्हा मॅनिकिनपाशी बसवा.