मेसमधला उरलेला भात
सदाशिव पेठेतील मेस असो वा कोथरूडमधील वसतिगृह, दुपारचा उरलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावरच ठेवण्याची आणि रात्री त्याला फोडणी देण्याची सवय स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांनी सोडायलाच हवी. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही टिकतात, मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी तासन्‌तास राहणाऱ्या उबेत ते वाढतात आणि त्यातून तयार होणारे, उलट्या घडवणारे विष नंतर कितीही परतले तरी नष्ट होत नाही. म्हणून वाढेपर्यंत भात ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावा. उरलाच, तर धुतलेल्या उलथन्याने परातीत बोटभर जाडीचा पसरावा आणि वाफ गेली की लगेच ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवावा. परातीवर वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावावी, कारण संध्याकाळच्या पाळीतील माणसाला दुपारचे काहीच ठाऊक नसते.