पोर्टल ब्लॉक होण्याआधी आणि झाल्यानंतर: छोट्या मराठी न्यूजरूमसाठी

भारतात बातमीची साइट ब्लॉक होते तेव्हा सर्व्हर बहुधा चालूच असतो. पासवर्ड तुमच्याकडेच असतो आणि न्यू जर्सीतल्या वाचकाला सगळं नीट दिसत असतं. फक्त इथल्या मोबाइल कंपन्यांच्या नेटवर पान उघडत नाही. म्हणून तयारीही त्याच हिशेबानं करायची: वाचकापर्यंत जाणारी दुसरी वाट आणि कोर्टात ठेवता येतील असे कागद. व्हीपीएनचा, म्हणजे दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून वळसा घेऊन साइट उघडण्याच्या सोयीचा, नंबर या दोन्हींनंतर लागतो.

आदेश कुठून येतो

पहिला रस्ता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा. त्याखालच्या २००९च्या नियमांत मजकूर टाकणाऱ्याला किंवा मध्यस्थ कंपनीला (यूट्यूब, फेसबुकसारख्या) नोटीस द्यायची आणि उत्तरासाठी किमान ४८ तास द्यायचे, असं नियम ८ सांगतो. पण तातडीचं कारण दिलं की नियम ९ लागू होतो: आधी ब्लॉक, मग ४८ तासांच्या आत प्रकरण या नियमांखालच्या सरकारी समितीपुढे. शिवाय नियम १६ गोपनीयतेचा. त्याच्या आधारे आदेशाची प्रत द्यायला सरसकट नकार मिळतो. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी ६९अ वैध ठरवलं, ते कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येतं, या आधारावर. तुमच्या प्रत्येक पत्रात या निकालाचा उल्लेख हवा.

दुसरा रस्ता त्याच कायद्याचं कलम ७९(३)(ब) आणि मजकूर काढायची पत्रं कंपन्यांना पाठवणारं गृह मंत्रालयाचं ‘सहयोग’ पोर्टल. इथे पत्र तुम्हाला येत नाही, यूट्यूब, फेसबुक किंवा एक्सला जातं. व्हिडिओ किंवा पोस्ट गायब होते आणि सुनावणी होत नाही. एक्सनं याला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळलं. त्यानंतर ऑक्टोबर २०२५च्या दुरुस्तीनं असं पत्र पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा सहसचिव किंवा त्यावरचा, पोलिसांत उपमहानिरीक्षक, असा ठरवला. त्यामुळे पत्राची माहिती मिळाली की सही कोणाची, हे आधी बघायचं.

२०२१च्या आयटी नियमांतली डिजिटल बातम्यांसाठीची आचारसंहिता सक्तीची करणारे नियम ९(१) आणि ९(३) मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगित केले. याचिका ‘द लीफलेट’ आणि पत्रकार निखिल वागळे यांच्या होत्या. ही स्थगिती ६९अ खालच्या ब्लॉकिंगला लागू नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून लिहिलेलं उत्तर पहिल्याच परिच्छेदात कमकुवत पडतं.

आजच करून ठेवायच्या गोष्टी

साइटवर ‘संपर्क’ पान हवं: संपादकाचं नाव, कार्यालयाचा पत्ता, चालू असलेला ईमेल, फोन. मजकुराचा कर्ता शोधण्याचा वाजवी प्रयत्न सरकारनं करावा, असं २००९चे नियम म्हणतात. पत्ताच नसला की ‘कर्ता सापडला नाही’ हे उत्तर तयार असतं. नाव झाकून ठेवल्यानं संरक्षण मिळतं, असं अनेकांना वाटतं. नोंदणीकृत पोर्टलच्या बाबतीत उलटच होतं, सुनावणीचा हक्क हातचा जातो.

वाचकांची यादी स्वतःकडे हवी. व्हॉट्सॲप चॅनल आणि यूट्यूबचे सबस्क्रायबर ही त्या कंपन्यांची यादी आहे, एका पत्रानिशी ती जाते. ईमेल वार्तापत्र सुरू करा आणि पत्त्यांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) दर आठवड्याला उतरवून एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, ठेवा. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही नोंदी लावा; मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला, हे त्यांवरून ठरतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना त्या बंधनकारक आहेत. त्याहून कमी पाठवत असलात तरी नोंदी नसल्या तर पत्र स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी, आणि नेमक्या ब्लॉकच्या दिवशी ते कळतं. वार्तापत्रात नुसती लिंक देऊ नका, पूर्ण बातमी द्या. लिंक उघडणारच नसेल तर तिचा उपयोग काय?

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या शहरात. वर्डप्रेस असेल तर डेटाबेस आणि अपलोडचं फोल्डर दोन्ही घ्या. नुसता डेटाबेस घेतला की फोटो नसलेली साइट परत उभी राहते. महिन्यातून एकदा दुसऱ्या होस्टिंगवर प्रत्यक्ष उभी करून बघा. यूट्यूबवर टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओची मूळ फाइल, शीर्षक आणि वर्णनासकट वेगळी ठेवा, कारण चॅनल गेलं की स्टुडिओमधलं सगळंच जातं. महत्त्वाच्या बातमीचं पान छापल्याबरोबर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जतन करा. बातमी त्या तारखेला कशी होती, याचा तो तिसऱ्या पक्षाचा पुरावा.

आणि प्रत्येक वादग्रस्त बातमीची एक फाइल. मूळ कागद, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, संबंधित खात्याला पाठवलेले प्रश्न, उत्तरासाठी दिलेली मुदत, आलेलं उत्तर किंवा उत्तर न आल्याची नोंद. सूत्राचं खरं नाव या फाइलमध्ये नको. प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) सूत्राला संरक्षण देतं, पण फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजात. पोलीस तपासात त्याचा आधार नाही.

खरंच ब्लॉक आहे का?

आधी घरचा घोळ तपासा: डोमेनचं नूतनीकरण राहिलं आहे का, साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची (एचटीटीपीएसचं) मुदत संपली का, होस्टिंग बंद आहे का. ‘आमचा आवाज दाबला’ अशी पोस्ट टाकून दोन तासांनी डोमेनचे पैसे भरायचे राहिले होते हे कळलं, तर पुढच्या खऱ्या ब्लॉकवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मग जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल आणि एक स्थानिक केबलवाल्याचं ब्रॉडबँड, अशा पाच नेटवरून पाच जणांनी उघडून बघावं. सहावा माणूस परदेशातला. परदेशात उघडतं आणि इथे नाही, तर ब्लॉकची शक्यता मोठी. फोनमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ केल्यावर पान उघडलं, तर कंपनीनं फक्त नावाची नोंद अडवली आहे. तरीही ‘कनेक्शन रीसेट’ येत असेल, तर जोडणीच्या सुरुवातीला उघडपणे जाणारं डोमेनचं नाव वाचून कंपनी जोडणी तोडते आहे. तिथे डीएनएस बदलून भागत नाही, व्हीपीएन किंवा टॉर हा ब्राउझर लागतो. ऊनी प्रोब हे ॲप ही चाचणी नोंदवून ठेवतं. त्याचे निकाल नेटवर्कच्या नावासह सार्वजनिक होतात, हे चाचणी करणाऱ्याला आधी सांगा. प्रत्येकाकडून तारीख, वेळ, शहर आणि कंपनी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. याचिकेला तो जोडायचा आहे.

एका बातमीसाठी अख्खी साइट का जाते? एचटीटीपीएसमध्ये इंटरनेट कंपनीला फक्त डोमेन दिसतं, कुठलं पान ते दिसत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये एका व्यंगचित्रावरून तमिळ ‘विकटन’ची सगळी साइट बंद झाली होती. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ते पान तात्पुरतं काढण्याच्या अटीवर साइट उघडायला सांगितलं. प्रमाणशीरतेचा मुद्दा मांडताना हे उदाहरण हाताशी ठेवा: आक्षेप एका पानावर, शिक्षा हजारो पानांना.

नोटीस आल्यावर

मेल पुढे पाठवू नका, मूळ हेडरसह (मेल कुठून, कधी आला याच्या तांत्रिक नोंदीसह) उतरवून ठेवा. आल्याची वेळ लिहा. मुदतीच्या आत लेखी उत्तर ईमेलनं द्या आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टनं पाठवा. मागण्या चारच: आदेशाची प्रत, कारणं, लागू केलेलं कलम, आक्षेपार्ह मजकुराचा नेमका पत्ता. सुनावणीला बोलावलं तर जाच. न गेल्यास एकतर्फी निर्णयाला रान मोकळं. बाहेर पडल्यावर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी मेलनं कळवून ठेवा.

यूट्यूब किंवा एक्सकडून ‘सरकारकडून कायदेशीर मागणी आली’ एवढाच मेल येतो. त्यांच्याकडेही प्रत मागा. मिळाली नाही तरी मागितल्याचा कागद होतो.

पुढची पायरी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. मुंबईसह नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात खंडपीठं आहेत. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५पासून सुरू झालं, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या, सोलापूरच्या किंवा सिंधुदुर्गातल्या पोर्टलला मुंबई गाठायची गरज नाही. आणीबाणीत मिनू मसानींनी ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकासाठी सेन्सॉरला मुंबई उच्च न्यायालयातच आव्हान दिलं आणि १९७६मध्ये ते जिंकले. त्यांच्या हातात निदान कोणता मजकूर अडवला याचा हुकूम होता. आज बहुतेक वेळा पहिली लढाई तो हुकूम बघायला मिळावा यासाठीच असते.

दरम्यान नव्या डोमेनवर तोच मजकूर टाकायचा मोह होतो. तांत्रिकदृष्ट्या ते तासाभराचं काम आहे, पण नवं डोमेनही ब्लॉक होतं आणि ‘आदेश धुडकावला’ हा मुद्दा सरकारी वकिलाला फुकट मिळतो. राखीव डोमेनवर आधी निवेदन आणि वाद नसलेल्या बातम्या टाका. वादग्रस्त मजकुराचं वकिलाला विचारून ठरवा.

नोटीस आल्यानंतर काहीही पुसू नका. पुरावा म्हणून मागता येईल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. सूत्रांशी होणाऱ्या संभाषणासाठी सिग्नल या मेसेजिंग ॲपवर आपोआप पुसले जाणारे संदेश पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचे ते यासाठीच.

पोलीस फोन घ्यायला आले, तर लेखी आदेश मागा आणि वकिलाला फोन करा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करावं लागतं. पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक, मॉडेल, चालू की बंद स्थिती आणि डेटाची हॅश व्हॅल्यू (डेटा जरा बदलला तरी बदलणारा त्याचा ‘ठसा’) लिहून घ्या. हॅश नोंदवली नाही तर फोन ताब्यात असताना त्यात काही घातलं गेलं का, हे नंतर सिद्ध करणं फार कठीण.

नेटच बंद असेल तेव्हा

नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत इंटरनेट बंद झालं होतं. अशा वेळी दुसऱ्या शहरातल्या एका माणसाकडे साइटचा मर्यादित लॉगिन आधीच हवा. बातमीदारानं साध्या कॉलवर मजकूर सांगायचा, नावं आणि आकडे दोनदा. व्हिडिओ ४८० पिक्सेलवर आणून मेमरी कार्ड बसनं बाहेर पाठवता येतं. बंदीचा आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे, असं अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं आहे. दूरसंचार सेवा बंद करण्याबद्दलच्या २०२४च्या नियमांत एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे प्रत मागा. ती मिळाली नाही, तर तीच पहिली बातमी.

ब्लॉक उठल्यावर

आदेश मागे घेतला तरी सगळीकडे साइट एकदम सुरू होत नाही. मोठ्या कंपन्या लवकर उघडतात, गावातले केबलवाले यादी बदलायला विसरतात. पुन्हा तीच पाच नेटवरची चाचणी करा, जिथे अडकतं त्या कंपनीला आदेशाची प्रत मेल करा आणि दूरसंचार विभागाला त्याची प्रत द्या.