फिल्टर सुटला, रिंग राहिली

आयटीआय उरकून नाशिकला अंबडच्या एका गॅरेजात लागलो, त्याचा दुसराच महिना. मिस्त्री पार्ट आणायला द्वारकेला गेलेले, फिल्टरचा पाना दुसऱ्याच गाडीच्या डिकीत राहिलेला, आणि गिऱ्हाइकाला दुपारी धुळ्याला निघायचं होतं. ऑइल फिल्टर मात्र हलायला तयार नाही.

यूट्यूबवाले सरळ फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर ठोकतात. ठोकू नका. पत्रा फाटतो, डबा हातात येतो आणि बूड इंजिनाच्या ब्लॉकलाच चिकटून राहतं. मी ठोकला नाही, एवढंच शहाणपण केलं. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, फिल्टर कोरडा पुसला, खडबडीत पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळला आणि वरून जुना चामडी पट्टा आवळला. फिल्टरच्या बंद टोकाकडे तोंड करून घड्याळाच्या उलट फिरवला. दिशा दोनदा तपासा, खाली झोपलं की डोकं फिरतं. करकर करत सुटला. मला गड जिंकल्यासारखं वाटलं.

आणि तिथेच फसलो. जाम फिल्टर बहुतेकदा रबरी रिंगमुळे चिकटतो. मागच्याने ती कोरडीच बसवलेली असते, किंवा पान्याने नको तितकी आवळलेली. फिल्टर निघतो, रिंग ब्लॉकला राहते. काळ्या ब्लॉकवर काळी रिंग, वर ऑइल, दिसणार कशी? मी नवा फिल्टर तिच्यावरच चढवला. रिंगवर रिंग. हाताला घट्ट लागला. गाडी चालू केली, ऑइलचं प्रेशर आलं, रिंग सटकली आणि काही सेकंदांत फरशी काळी. लगेच चावी बंद केली म्हणून निभावलं. हेच आडगावच्या पुढे हायवेवर झालं असतं तर इंजिन गेलं असतं.

म्हणून जुना फिल्टर सुटला की आधी उलटा करा. रिंग त्याच्या खोबणीत आहे? नसेल तर ब्लॉकवर आहे, तिसरी जागा नाही. तिथे बोट फिरवा, कापडाने पुसा, पुन्हा बोट फिरवा. नव्या रिंगला ताजं ऑइल चोळा. ती ब्लॉकला टेकली की हातानेच साधारण पाऊण फेरा, बाकी डब्यावर लिहिलेलं असतं तसं. पाना फक्त काढायला.

चूक झालीच तर लपवू नका, नव्याच्या हातून हे होतंच. मिस्त्री परत आले, फरशीवर भुसा टाकला, ओरडले नाहीत. जुना फिल्टर हातात देऊन म्हणाले, "बघ, काय कमी आहे?" असा उस्ताद मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी टिकून राहा. ऑइलचे पैसे मात्र माझ्याच पगारातून गेले.