पाडव्याची वही: गृहकर्ज चालू असताना घराचा वर्षाचा हिशेब

अण्णांचं कराडात किराणा दुकान होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर यायची, पण त्याआधी चार रात्री जुन्या वहीची खतावणी चालायची. कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, गोदामात किती माल. ते झाल्याशिवाय नव्या वहीवर स्वस्तिक काढायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी वही मी गुढीपाडव्याच्या सुमारास उघडते, कारण बँकेचं आणि आयकराचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पाडवा आधी येवो की नंतर, हिशेब १ एप्रिल ते ३१ मार्च असाच धरायचा.

२०२४ च्या पाडव्याला मी हा हिशेब पहिल्यांदा पूर्ण मांडला. त्याआधी हप्ता वेळेवर जातोय एवढंच बघत होते. तुमचंही गृहकर्ज चालू असेल तर किराणा आणि लाइटबिलापासून सुरुवात करू नका. पहिलं पान कर्जाला द्या.

बँकेतून कर्जखात्याचा वर्षभराचा उतारा आणि व्याजाचा दाखला घ्या. बँकेच्या ॲपवर दोन्ही मिळतात, नाहीतर शाखेत अर्ज द्या. त्यातून पाच आकडे वहीत उतरवा: १ एप्रिलला बाकी असलेलं मुद्दल, ३१ मार्चला बाकी असलेलं मुद्दल, वर्षभरात भरलेली रक्कम, त्यातलं व्याज आणि उरलेले हप्ते. पाचवा आकडा उताऱ्यात सापडला नाही तर मागून घ्या. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार कर्जदाराला दर तिमाहीला असं विवरण मिळायला हवं. आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं त्यात असतं.

माझे आकडे सांगते. आम्ही नोव्हेंबर २०२० मध्ये २५ लाखांचं कर्ज १५ वर्षांसाठी घेतलं, दर ६.९० टक्के, हप्ता २२,३३१ रुपये. २०२३-२४ मध्ये आम्ही २,६७,९७२ रुपये भरले आणि मुद्दल कमी झालं ५५,१६० रुपयांनी. बाकीचे २,१२,८१२ रुपये व्याजात गेले. त्याहून मोठा धक्का पाचव्या आकड्याने दिला. १८० पैकी ४० हप्ते भरले होते, म्हणजे १४० उरायला हवे होते. उताऱ्यात १९६ होते. नोव्हेंबर २०३५ ला संपणारं कर्ज जुलै २०४० वर गेलं होतं. तोपर्यंत मी पंचावन्न वर्षांची होणार आणि माझी निवृत्ती अठ्ठावन्नला.

याचं कारण सरळ आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला. आमचं कर्ज रेपोशी जोडलेलं, म्हणून आमचा दर ९.४० झाला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. त्याचा एक छोटा संदेश फोनवर येऊन गेला होता, पण हप्ता बदलला नाही म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. पाच आकडे शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून उरलेले हप्ते मी दरवर्षी लाल शाईने लिहिते.

दुसरं पान जमेचं. माझा पगार सोपा आहे, शाळेकडून मिळणाऱ्या पगार आणि कराच्या दाखल्यावर (फॉर्म १६) सगळं असतं. पगारातून एनपीएस या निवृत्तीवेतन योजनेत जाणारे पैसे खर्चात धरू नका, ती बचत आहे. नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि तिथे महिन्याची सरासरी फसवते. फेब्रुवारी ते मे शेतीपंप जळतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात कधी कधी दिवसाला एकच पंखा येतो. शेतकऱ्यांची उधारी कारखान्याचं ऊसबिल आलं की फिटते. तुमच्या घरात असा धंदा, शेती किंवा कमिशनचं काम असेल तर बारा महिन्यांची जमा बारा ओळींत लिहा आणि सर्वांत हलके चार महिने गोल करा. ‘येणं आहे’ ती रक्कम जमेत धरायची नाही. अण्णा ती वेगळ्या पानावर लिहायचे, मीही तसंच करते.

खर्चाच्या पानावर लोक सर्वांत जास्त दमतात, कारण यूपीआयच्या नोंदी शेकड्यांनी असतात. दहा रुपयांचा चहा शोधत बसू नका. सगळ्या खात्यांचे उतारे घ्या आणि मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे या. पाचशेच्या खालचं सगळं ‘किरकोळ’ म्हणून एका ओळीत टाका. ती बेरीज फारच फुगली तरच आत शिरा. किराणा, दूध, शाळा, औषधपाणी, प्रवास, सणवार आणि पाहुणे, घराची दुरुस्ती एवढी खाती मला पुरतात.

खरं लक्ष वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांवर द्या. घरफाळा, पाणीपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च, गाडीचा विमा, आरोग्यविम्याचा हप्ता, जूनमधली वह्या-पुस्तकं आणि गणवेश, गावच्या जत्रेचं जाणंयेणं. आमच्याकडे यांची बेरीज ९१,००० रुपये निघाली. महिन्याच्या हिशेबात यातलं काहीच दिसत नसे, आणि मग दर जूनला दुकानाच्या गल्ल्यातून पैसे उचलले जात. आता त्या बेरजेचा बारावा भाग, साडेसात हजारांच्या आसपास, पगार झाला की वेगळ्या बचत खात्यात जातो. या एका बदलाने घरातली कुरबुर जितकी थांबली तितकी दुसऱ्या कशानेही थांबली नाही.

आता जमा, खर्च आणि कर्ज ही तिन्ही पानं समोर ठेवून जोडीने बसा. एकट्याने केलेला हिशेब दुसऱ्याला आरोप वाटतो. आम्ही रविवारी सकाळी बसतो, मुलीलाही बसवतो. ती बेरजा तपासते.

तेव्हा प्रश्न होता, मुदत मागे कशी आणायची? उत्तर आमच्याच वहीत सापडलं. महिना दोन हजारांची आवर्ती ठेव साडेसहा टक्क्यांनी चालू होती, आणि तिच्या व्याजावर करही लागत होता. उलट कर्जावर आम्ही ९.४० टक्के देत होतो. हजार रुपयांची भिशी होती, तिच्यात व्याज काहीच नाही. आवर्ती ठेवीची मुदत एप्रिलमध्ये पूर्ण झाली, ती पुन्हा सुरू केली नाही. भिशीची फेरीही त्याच महिन्यात संपली, पुढच्या फेरीत नाव घातलं नाही. वर ६६९ रुपये घातले आणि मे २०२४ पासून हप्ता २६,००० करून घेतला. १९६ हप्ते १४३ वर आले. दर तसाच राहिला असता तरी जवळपास साडेसहा लाखांचं व्याज वाचत होतं. महिन्याला ३,६६९ रुपयांची ही ताकद मी वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना कधी इतकी जवळून पाहिली नव्हती.

पण क्रम मोडू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते फेडा, त्यांचे दर गृहकर्जाहून चढे असतात. मग अडीअडचणीचा पैसा. आमच्यासारखी अनियमित कमाई असेल तर हलक्या चार महिन्यांचा खर्च आणि तेवढे हप्ते बँकेत मुदत ठेवीत असायलाच हवेत. ती ठेव मोडून कर्जात भरण्याचा मोह मला झाला होता. नवऱ्याने अडवलं, आणि त्याच पावसाळ्यात सासूबाईंचं ऑपरेशन निघालं.

बँकेत जाताना लेखी अर्ज न्या, पोच घ्या. तरत्या, म्हणजे आमच्यासारख्या बदलत्या, दराच्या गृहकर्जावर व्यक्तींना मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे कुणी तसं म्हटलं तर तो नियम दाखवा. एकरकमी भरणार असाल तर ‘मुद्दलात जमा करावी आणि मुदत कमी करावी’ असं अर्जात स्पष्ट लिहा. मैत्रिणीचे पन्नास हजार तिच्या बँकेत आगाऊ हप्ते म्हणून पडून राहिले होते, आठ महिन्यांनी कळलं. भरल्यानंतर पंधरा दिवसांनी उतारा पुन्हा काढून बाकी मुद्दल स्वतः पाहा. नव्या ग्राहकांना तुमच्यापेक्षा कमी दर मिळतोय का, हेही त्याच फेरीत विचारा. थोडं शुल्क घेऊन दर उतरवून मिळू शकतो. शुल्क आणि वाचणारं व्याज शेजारी लिहून ठरवा.

कराचं पान आता लहान झालंय. आयकराच्या जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जाचं व्याज वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुद्दल बचतीवरच्या दीड लाखांच्या वजावटीत (८०सी) करपात्र उत्पन्नातून वजा होतं. माझे दोन लाखांवरचे १२,८१२ रुपये त्यामुळे वायाच गेले होते. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी या दोन्ही वजावटी नाहीत, पण २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत करच लागत नाही. ‘कर वाचतो म्हणून कर्ज राहू दे’ हा सल्ला ऐकण्याआधी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करा. आमच्या घरात त्या सल्ल्यात काही उरलं नाही.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर एक टक्क्याने खाली आला आणि जुलैपासून आमचा दर ८.४० झाला. हप्ता कमी करायचा की मुदत, असं बँकेने विचारलं. आम्ही २६,००० च ठेवायला सांगितलं. त्या दिवशीच्या उताऱ्यावर उरलेले हप्ते १२० होते, म्हणजे दर असाच राहिला तर जून २०३५. मूळ तारखेच्या पाच महिने आधी. तो आकडा मुलीने लाल शाईने लिहिला आणि खाली स्वतःचं त्या वर्षीचं वय मांडलं, तेवीस.