विमानाखालची पंधरा वर्षे आणि त्यानंतरची

पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाणाऱ्याला भरतीसाठी धावणारी मुले रोज दिसतात. मी हवाई दलात होतो हे कळले की त्यांतली काही घरी येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'काका, युद्धात तुम्ही विमान चालवलेत का?' मी विमान एकदाही चालवलेले नाही. मी इंजिन फिटर होतो. लढाऊ विमानाचा वैमानिक हा अधिकारी असतो आणि त्याच्या निवडीचा मार्ग वेगळा आहे. बारावीनंतर वायुसैनिक म्हणून जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला प्रामुख्याने जमिनीवरचे काम येते, हे अर्ज करण्यापूर्वीच समजून घ्यावे.

मी आयटीआयचा फिटर ट्रेड पूर्ण करून १९६८ साली भरती झालो. मद्रासजवळच्या तांबरम येथील प्रशिक्षणात माझी पहिली फजिती झाली ती इंग्रजीमुळे, कारण पाना आणि पक्कड हातात घेतली की मला सर्व काही समजत असे, पण तेच वहीत लिहायला सांगितले की घाम फुटत असे. तिथे एक गोष्ट मात्र अंगात कायमची भिनली. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला आम्ही 'फॉर्म ७००' म्हणत असू. केलेले प्रत्येक काम तिच्यात लिहून त्याखाली सही करायची आणि उड्डाणापूर्वी वैमानिकाने ती वही पाहून स्वतःची सही करून विमान ताब्यात घ्यायचे, अशी पद्धत होती. काही बिघडले तर चौकशी सहीपासून सुरू होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आपल्या सहीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे हे कळणे फारसे सुखाचे नसते.

डिसेंबर १९७१ मध्ये मी जैसलमेरच्या तळावर होतो. जामनगरहून आलेली मोजकीच हंटर विमाने तिथे होती. दिवे बंद, वाळवंटातली थंडी, आणि पाना धरला की बोटांना चटका बसावा इतके गार पडलेले लोखंड. तीन तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. चार तारखेच्या रात्री वरिष्ठांची धावपळ वाढली, पण आम्हांला एवढेच सांगण्यात आले की उजाडताच सर्व विमाने तयार हवीत. हंटरमध्ये रात्री लढण्याची साधने नव्हती, म्हणून पहाटेची वाट पाहणे भाग होते. तिकडे सीमेजवळच्या लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान रणगाड्यांसमोर रात्र काढत होते, हे मला नंतर कळले. लोंगेवाला हे नावसुद्धा मी आधी ऐकलेले नव्हते.

पाच तारखेला उजाडताच विमाने गेली, परतली आणि पुन्हा गेली. परतलेल्या विमानात इंधन भरायचे, टायर आणि ब्रेक पाहायचे, इंजिनाच्या तोंडाशी वाळू किंवा खडा नाही ना हे तपासायचे, रॉकेट चढवायचे. हंटरच्या पोटात ३० मिलिमीटरच्या चार तोफांचा संच असतो; नळ्या विमानातच ठेवून तो संपूर्ण संच खाली उतरवता येतो आणि भरलेला दुसरा वर चढवता येतो. ते काम खरे तर आर्मररचे, म्हणजे शस्त्रास्त्रे सांभाळणाऱ्याचे, पण त्या दिवशी ज्याचा हात मोकळा तो त्याला हात लावत होता. मुलांना शौर्याची गोष्ट हवी असते आणि मला आठवते ती घाईतसुद्धा न टाळलेली हत्यारांची मोजणी. एक स्क्रू-ड्रायव्हर मिळेना म्हणून आम्ही एक विमान काही मिनिटे थांबवले होते. तो माझ्याच कोटाच्या खिशात निघाला. सार्जंट त्या वेळी एक शब्दही बोलले नाहीत. जे बोलायचे ते त्यांनी युद्धविराम झाल्यावर सविस्तर बोलून घेतले.

१९८३ साली, पेन्शनला लागणारी पंधरा वर्षे पूर्ण करून मी कोल्हापूरला परतलो आणि उद्यमनगरातील एका कारखान्यात लागलो. तेहतिसाव्या वर्षी 'माजी' हा शब्द नावामागे लागतो आणि समोरचा पंचविशीतला मुलगा आपला वरिष्ठ असतो. ते पचवायला मला वर्षभर लागले. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून हत्यारांचा फळा केला, तेव्हा सगळे हसले. पुढे रिकामी आकृती पाहून हरवलेला पाना सापडू लागला आणि हसणे थांबले.

खरी दमछाक कागदांनी केली. १९७५ साली रजेवर येऊन लग्न केले आणि घाईत परत जाऊन कार्यालयात पत्नीचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव नोंदवले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात तिचे नाव बदलले होते. रेशनकार्डावर आणि बँकेत नवे नाव, सेवेच्या नोंदीत मात्र माहेरचे. चूक सर्वस्वी माझी होती आणि ती मला निवृत्तीनंतर संयुक्त खाते उघडताना समजली. मी नसताना तिला कुटुंब निवृत्तिवेतन मागावे लागले असते, तर या दोन बायका एकच आहेत हे तिला एकटीला सिद्ध करावे लागले असते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल आणि पत्रव्यवहार यांत दोन वर्षे गेली. म्हणून लग्न, अपत्यजन्म, पत्ता यांची नोंद त्याच रजेत करून घ्यावी, सेवेतून मुक्त होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकाच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि गावी येताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे.

आजच्या मुलांचे गणित आणखी अवघड आहे. अग्निवीर वायू म्हणून चार वर्षे मिळतात, त्यांतून जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात आणि बाकीच्यांना सेवानिधीची सुमारे १० लाखांची रक्कम मिळते, पेन्शन नाही. प्राथमिक प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्याला, म्हणजे आपल्या दारातच, होते. पण चार वर्षांनी हातात कोणते कौशल्य आणि कोणती पदवी असेल हे निघतानाच ठरवावे लागते. दूरस्थ शिक्षणाचा अर्ज पहिल्याच वर्षी भरावा असे माझे मत आहे. १.६ किलोमीटर ७ मिनिटांत धावण्याची तयारी सगळेच करतात. गेल्या आठवड्यात आलेल्या मुलाला मी दहावीचे प्रमाणपत्र आणि आधारकार्ड शेजारी ठेवायला सांगितले, तेव्हा त्याच्या वडिलांच्या नावात एका वेलांटीचा फरक निघाला. ते आधी दुरुस्त करून ये, धावण्याचे नंतर पाहू, असे सांगून मी त्याला परत पाठवले.